शेपटीवाला न

११ मार्च २०१२, कारास्योक

चौकोन! नुसते चौकोन! आईच्या आठवणींची फाइल उघडली, तर ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांनी भरलेल्या. अठरा वर्षांपूर्वी आई सांगायची आणि बाबा दोन बोटांनी टाइप करायचे. आता बाबा नाहीत. आणि सप्टेंबरात झटका आल्यापासून आईच्या तोंडून शब्द नाही. पंचवीसला तिला ऐंशी पुरी होतात. तिचंच बोलणं तिला वाचून दाखवायचं ठरवलंय. वाचू काय, चौकोन?

१३ मार्च

योव्नाकाकांना फोन केला. बाबांबरोबर शाळेत शिकवायचे. तेव्हाच्या कॉम्प्युटरला आमच्या सामी भाषेची अक्षरं ठाऊकच नव्हती, म्हणून काकांनी घरी बसून फॉन्ट केला होता. अजून जपून ठेवलाय म्हणाले. पाठवतायत.

१६ मार्च

फॉन्ट घातला, तरी प्रोग्रामच्या यादीत नाव नाही. 'फॉन्ट सापडत नाही' — एकच पालुपद. दोन तास डोकं पिकलं. शेवटी कळलं, सेटिंगच्या फाइलीत अजून जुन्या कॉम्प्युटरच्या फोल्डरचा पत्ता! तो बदलला, मशीन बंद करून चालू केलं — आणि अक्षरं आली! टोपीवाला च, कमरेत रेघ असलेला द, सगळे. रडलेच मी. कॉफीत सुकं मांस बुडवून खाणारे बाबा, 'आधी पुसा ते हात' म्हणून ओरडणारी आई... फार आठवतं ते स्वयंपाकघर.

१७ मार्च

एक खोड राहिलीच. शेपटीवाला न, म्हणजे आमचा ङ, कुठेच नाही! 'नंतर'ला आम्ही 'माङेल' म्हणतो. इथे सगळीकडे 'माञेल'. आई बोलताना ञ म्हणायची खरी, तिच्या माहेरचे, कौतोकेइनोकडचे, सगळेच म्हणतात. पण लिहिताना ङच. आणि बाबा तर भाषेचे मास्तर, ते कसले चुकतायत! फॉन्टनेच खाल्ला असणार. एकेक शोधून दोनशे बारा ठिकाणी ङ बसवला. सेव्ह.

२० मार्च

आईला सांगितलं, वाढदिवसाला एक गंमत आहे.

२५ मार्च

वाचलं. आईच्या माहेराहून किर्स्तेमावशी आली होती. पहिल्याच पानाला आईच्या कपाळावर आठी. दुसऱ्या पानाला तिने तोंड फिरवलं. मी वाचायची थांबले. मावशीने कागद ओढून घेतले.

"हे कोण बोलतंय गं? ताईच्या तोंडी उभ्या जन्मात ङ आला नाही. तुझे बाबा तर लग्नाच्या दिवशीसुद्धा तिला त्यावरून चिडवत होते."

म्हणजे चूक नव्हतीच! पोरांच्या वह्यांत लाल रेघा ओढणाऱ्या बाबांनी तिचा ञ जाणूनबुजून, दोनशे बारा वेळा, जसाच्या तसा ठेवला होता. आणि मी दीडशहाणीने तो पुसला. लाज वाटते.

२६ मार्च

सगळे ञ परत बसवले. दुपारी फक्त आईला वाचून दाखवलं. दोन पानं झाल्यावर विचारलं, "कॉफी आणू?"

"माञेल," आई म्हणाली.