रक्ताला पाठांतर जमत नाही

४ मार्च

चि. टिपकागदास, अनेक उत्तम आशीर्वाद.

भावा, लहानपणी माझी सांडलेली शाई टिपायचास, आता लोकांचं रक्त टिपतोस! तुझ्या तपासणी केंद्रात रक्त देऊन सुखरूप घरी पोचले. तुमच्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांग, चाळीस वर्षं सभा गाजवणाऱ्या बाईला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगणं म्हणजे पहिलवानाला चमचा उचलायला लावणं. कात्री, पूल, लिंबू, टोपी, घंटा! त्यांचं सांगून होण्याआधी मी म्हणून मोकळी. शंभरातून सात-सात वजा करत तर अशी सुटले, की त्यांनीच हात जोडले.

गेल्या सभेत माझा विषय मध्येच निसटला, हे दाजींनी तुला कळवलं म्हणे. नवरा आहे की बातमीदार? अरे, मी लगेच धुलाईघरातल्या बायकांना घोषणा द्यायला लावल्या आणि त्या गलक्यात सावरले. कुणाला पत्ताही लागला नाही. वीस तारखेला त्यांच्या कामाच्या तासांवर बोलायचंय. तोवर मला मोडीत काढू नकोस.

लोभ आहेच, त्यात भर घालत राहा.
तुझी आक्का

११ मार्च

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई अजून हसताहेत. त्यांनी तीनच शब्द सांगितले होते; तू पाचही म्हणालीस! पडद्याआड बसून आधीच्या आजोबांची परीक्षा ऐकलीस ना? पाठांतर करून रक्त द्यायला येणारी तू जगातली पहिलीच.

पण आक्का, रक्ताला पाठांतर जमत नाही. मेंदूत बिघाड सुरू झाला, की एका प्रथिनाचं प्रमाण रक्तात वाढतं, विसरणं ठळक दिसायच्या बरंच आधी. तुझ्या रक्तात ते वाढलंय. तुझा नमुना मी दुसऱ्यांदा यंत्रात घातला, आकडा तोच. एकट्या रक्तावर निदान होत नाही. मेंदूची तपासणी आणि स्मरणाची खरी, पुन्हा लिहितो, खरी परीक्षा व्हायला हवी. लवकर कळलंय, हे आपल्या बाजूचं आहे.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा टिपकागद

१५ मार्च

चि. टिपकागदास, आशीर्वाद (रागाने).

माझंच रक्त फितूर निघालं! माझंच खाऊन-पिऊन मोठं झालं आणि पहिल्या सुईला सगळं ओकलं.

हो, ऐकले शब्द. तळहातावर लिहून घेतले. घाबरले होते रे. धुलाईघरातल्या बायकांना जन्मभर सांगत आले, वाफेने हात भाजला तर पदराखाली झाकू नका, मुकादमाच्या नाकासमोर धरा. आणि मी काय केलं? मूठ झाकून बसले! दाजी म्हणतात, भाषण रद्द कर. सगळ्यांसमोर अडखळले तर पुन्हा मला कोण बोलावणार? उभी राहू की नको, तू सांग. नको, सांगू नकोस, मी ऐकणार नाही.

तुझी आक्का

१७ मार्च

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

उभी राहा.

टिपकागद

२१ मार्च

चि. टिपकागदास, आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

उभी राहिले. सुरुवातीलाच सांगून टाकलं, की माझ्या रक्तात डॉक्टरांना काही सापडलंय, मी मध्येच अडखळेन, तेव्हा सांभाळून घ्या. धुलाईघरातल्या बायका पुढे सरकल्या. मग जी पेटले! बारा तासांची पाळी, सोललेले तळवे, बसायला एक बाक नाही... आणि ऐन रंगात पाटी कोरी. काही म्हणजे काही आठवेना. तशीच उभी राहिले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून इस्त्रीवालीने माझंच शेवटचं वाक्य खणखणीत ओरडून मला परत दिलं. मी ते धरलं आणि सुसाट निघाले. टाळ्यांनी पत्रे उडायचे बाकी होते.

आता पहिल्या रांगेवरून भांडणं लागलीत. इस्त्रीवाली म्हणते, मान तिचा. घड्या घालणाऱ्या दोघी म्हणतात, त्यांचा आवाज तिच्याहून मोठा. शेवटी दाजींनी पाळ्या लावून कागद दारावर चिकटवला.

सोमवारी तुझ्याकडे येतेय, खऱ्या परीक्षेला. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, काय ते एका दिवसात आटपा. मंगळवारी मला सभा आहे, आणि पहिली रांग आत्ताच भरली आहे.

लोभ असाच वाहता ठेव.
तुझी आक्का