मेल्या दगडातली पिसं

अहो मुनिराचे बाबा,

दवाखान्यात ड्युटीवर जातेय. नारळाच्या दुधात शिजवलेली तूर चुलीवर झाकून ठेवलीय. मिठाईवाल्याच्या जुन्या काचकपाटाची आपण जी प्रवाळाची टाकी केलीय, तिच्यात पुन्हा समुद्राचं पाणी ओतू नका. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. लाल झाकणाच्या कॅनमधलं पावसाचं पाणी घाला, तेही काचेवरच्या खुणेपर्यंतच. काल "मला समुद्र शिकवतेस?" म्हणून ओरडलात. शिकवते! कोळंबी मरायला टेकली होती. पण तुमच्या फुटक्या कानांवरून मी टोमणा मारला, तो मारायला नको होता. डॉक्टरांनी बुड्या बंद केल्या, यात तुमचा काय दोष?

आज सकाळी तुम्ही ओहोटीला आणलेल्या त्या मेल्या दगडातून जांभळी पिसं बाहेर आली, आत राहणाऱ्या कसल्याशा समुद्री किड्यांचे तुरे. मी नुसता हात हलवला, तर झटकन आत गेली. मग मी श्वास रोखून बसले, तशी हळूहळू परत उमलली. चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

वीस वर्षं वासिनी बेटापाशी बुड्या मारून, रोज हे सगळं बघून तुम्ही घरी यायचात, आणि मी दारातच विचारायचे, "मासे किती मिळाले?"

म्वानाशा