भावोजींची पहिली गाडी

१२ जानेवारी

प्रिय मेहुणेराव,

स. न. वि. वि.

तुमच्या खास विषयातला सल्ला हवा आहे. विषय कवळीचा नाही, माझे दात अजून जागेवर आहेत. दर रविवारी तुम्ही ज्या रिमोटच्या गाड्या पळवता, तसली एक मला घ्यायची आहे. डांबरी रस्त्यावर पळणारी. मातीतून उड्या मारत जाणारी नको. हसून झालं की पुढे वाचा.

दुकानात गिऱ्हाईक नसताना मी बरीच माहिती काढली. एक गडद निळी गाडी मनात भरली आहे. ताशी शंभराच्या वर पळते म्हणे. सुटे भाग आणून आपणच जोडायची. चष्म्याचे बारीक स्क्रू पिळण्यात माझी हयात गेली, तेव्हा जोडणं जमेल असं वाटतं.

तुमची ताई ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तिने यापुढे गाडी चालवायची नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. काचबिंदूने डावीकडची नजर गेली आहे. समोरचं लख्ख दिसतं, म्हणून तिला ते पटत नाही. तपासणीच्या यंत्राचं बटणच अडकत होतं, असं तिचं म्हणणं. तिचं ड्रायव्हिंग स्कूल सध्या तिच्या हाताखालची मुलगी सांभाळते. राग मात्र डॉक्टरांवर नाही, माझ्यावर आहे. जेवताना डावीकडचा पाण्याचा पेला ती रोज सांडायला लागली, तेव्हा मीच तिला हट्टाने तपासायला नेलं होतं ना! उरलेली नजर टिकवायची तर रोज थेंब घालायला हवेत. बाटलीचं सीलही तिने फोडलेलं नाही. मी विषय काढला की ती खोलीतून उठून जाते.

असो. गाडीचं लवकर कळवा. या वयातल्या मागणीने तुमचा लोभ कमी होणार नाही, असं धरून चालतो.

तुमचा,
भावोजी


१९ जानेवारी

ती. भावोजींना,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना हातातला कवळीचा साचा पडता पडता राहिला. रिकामा रस्ता ओलांडतानाही जो माणूस दोनदा दोन्हीकडे बघतो, त्याला ताशी शंभरची गाडी हवी! ताईने इतक्या लोकांना गाडी शिकवली, पण तुमच्यापुढे हात टेकले, हे विसरलात वाटतं?

आता कान देऊन ऐका. ती निळी विसरा. पहिली गाडी जोडून तयार मिळते तीच घ्या. जोडण्याची हौस भागवायला तोडफोड पुरेशी होणार आहे, काळजी नसावी. चारही चाकांना जोर असलेली घ्या, म्हणजे वळणावर गिरकी खाणार नाही. मोटर साधी, ब्रशची. वेगाला लगाम घालायची सोय असेल तर उत्तम; तो लगाम पहिला महिनाभर काढायचा नाही. पुढे स्पंजचा जाड बंपर हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिचे सुटे भाग तुमच्या गावातल्या दुकानात मिळतात तीच गाडी चांगली. माझ्या एका मित्राची देखणी गाडी एका तुटक्या दांडीपायी वर्षभर कपाटात शोभेला बसली आहे.

रंग भडक नारिंगी घ्या. गडद रंग डांबरावर दिसत नाही. विशेषतः एका बाजूने कमी दिसत असेल तर. बघा, मी काही विचारलेलं नाही.

एक लक्षात ठेवा. गाडी तुमच्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं. अशा वेळी मनाने गाडीत जाऊन बसायचं.

ताईला नमस्कार. तुमच्या प्रेमाला आणि गाडीच्या बंपरला तडा न जावो.

आपला,
टिल्लू


६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अ. उ. आ.

तुझ्या भावोजींना काय झालंय, हे तुला नक्की माहीत असणार. खोटं बोलू नकोस. लहानपणापासून तुझं खोटं तुझ्या कानांत दिसतं. ते पत्रात दिसत नाहीत, एवढंच तुझं नशीब.

घरात एक नारिंगी गाडी आली आहे. तिची बॅटरी चार्ज होत असते तेव्हा हे तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, तापाच्या मुलाजवळ बसावं तसे. संध्याकाळी दुकान बंद केलं की बगलेत गाडी मारून बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या पार्किंगमध्ये जातात. आपल्या गॅलरीतून ती जागा दिसते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. एवढं मोठं मोकळं मैदान आणि मधोमध एकच दिव्याचा खांब. दर वेळी गाडी त्या खांबावरच! आणि ती यांच्याकडे तोंड करून आली की हे हमखास उलटं वळवतात आणि आपल्याच गाडीच्या भीतीने फुटपाथवर चढतात.

तीन संध्याकाळी मी हे सोसलं. चौथ्या दिवशी राहवेना. घरातल्याच चपलांनी खाली उतरले आणि सांगितलं की वेग वळणात नाही, वळणाच्या आधी कमी करायचा असतो. रिमोटचा घोडा पिस्तुलासारखा ओढायचा नसतो, लिंबू जपून दाबावं तसा दाबायचा. यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि गाडी परत खांबावर. माझा उजवा पाय मात्र आपोआप जमिनीवर दाबला गेला, रे. शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतो ना दुसरा ब्रेक, तो शोधत होता.

आता रोज जाते. पण मी यांच्याशी बोलते म्हणजे राग गेला, असं कोणी समजू नये. जे बोलते ते गाडीपुरतं.

जेवत जा वेळेवर. लोकांना दात बसवतोस, स्वतःचेही वापर.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

मला काहीही माहीत नाही. कान अगदी नेहमीच्या रंगाचे आहेत.

भावोजींचा खांबावर एवढा जीव जडलेला ऐकून आनंद झाला. पण ताई, बाजूला उभं राहून ओरडणं हा तुझा धंदाच आहे. त्यात काय मोठेपणा? एकदा रिमोट स्वतःच्या हातात घे. मी पैज लावतो, दोन फेऱ्यांत तूही धडकशील, आणि मग मला आयुष्यभर चिडवायला विषय मिळेल.

थेंबांबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. बघ, काढला नाही.

धाकट्यावर माया असू दे, रागावलेली चालेल.

तुझा,
टिल्लू


२७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अ. उ. आ.

पैज तू जिंकलास, फेऱ्या दोनाहून जास्त झाल्या तरी. चिडवायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

परवा यांच्या हातून रिमोट घेतला. काय सांगू तुला, पाचव्या मिनिटाला मी आठाचा आकडा काढत होते. त्या खांबाला वळसे घालून गाडी अशी निघायची की दोन वाटसरू थांबून बघायला लागले. हे तर टाळ्याच वाजवायचे बाकी होते. इतक्या महिन्यांनी हाताला गाडीचं वजन कळत होतं. मग मी तिला डावीकडे घेतलं आणि ती नाहीशी झाली.

म्हणजे आवाज येत होता. घरघर ऐकू येत होती, पण गाडी नाही. मान वळवली असती तर दिसली असती. मी मुद्दाम वळवली नाही. वाटलं, आत्ता येईल समोर. घोडा दाबूनच ठेवला. मग धाडकन आवाज झाला आणि सगळं शांत.

हे धावले नाहीत. गाडी कुठे गेली, एवढंच हळू आवाजात विचारलं. रिमोट बिघडलाय असं अगदी ओठांवर आलं होतं. पण टिल्लू, तिथे गाडीच्या जागी सायकलवरचं कुणी असतं तर? गाडीत माझ्या शेजारी कुणाची लेक शिकायला बसलेली असती तर? मी म्हटलं की मला दिसली नाही. हे वाक्य मी आजवर डॉक्टरांपुढे बोलले नव्हते, यांच्यापुढे नाही, आरशापुढेही नाही.

मी सांगतच होतो ना, असं हे म्हणाले नाहीत. चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. जन्मभर लोकांचे चष्मे पुसणारा माणूस, त्याला त्या दिवशी स्वतःचा काही केल्या स्वच्छ होईना. मग म्हणाले की मला गाडी बंद करायला सांगितल्यावर माझ्याइतकेच तेही रडले होते, फक्त दुकानात, शटर ओढून. मला हे ठाऊकच नव्हतं, रे. मी आपली इतके दिवस घरात दारं आपटत होते.

गाडीची पुढची दांडी मोडली. दुसऱ्या दिवशी दुकानात ती लगेच मिळाली आणि यांनी बसवलीही. तुझं एवढं एक डोकं चाललं, हे कबूल. थेंबांच्या बाटलीचं सील फोडलं आहे. घालायचं काम यांच्याकडे आहे. पहिला थेंब गालावर पडला. मी ओरडले नाही. लिहून ठेव.

ड्रायव्हिंग स्कूलच्या किल्ल्या मी माझ्या हाताखालच्या त्या मुलीच्या हातात दिल्या, स्कूल तिलाच विकायचं ठरवलं आणि खरेदीच्या कागदांवरही तिचंच नाव घालायला सांगितलं. ती रडायला लागली. मी तिला म्हटलं की रडत गाडी चालवायची नाही, काच धूसर दिसते.

परवा त्या धडकेनंतर घरी येताना हे एका बगलेत मोडकी गाडी घेऊन चालत होते. कोपऱ्यावर मी थांबले, तर हे मुकाट्याने माझ्या उजवीकडून वळसा घालून डावीकडे आले आणि मोकळा हात पुढे केला. मी तो धरला. रस्त्यात भरपूर गर्दी होती. आम्ही अगदी सावकाश आलो.

आम्हा दोघांवरची तुझी माया अशीच राहू दे, चेष्टेसकट.

तुझी,
ताई