अनोळखी माणसाच्या मयताला

सव्हाना
शनिवार, सकाळ

प्रिय आई,

हो, 'आई'च लिहिलंय. 'माझ्या मुलीला मिलवॉकीला परत आणत नाहीस तोवर मला मिस अर्नेस्टीन म्हणायचं,' असं तुम्ही फोनवर बजावलंत आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी केलेला प्रत्येक फोन तुम्ही माझा आवाज ऐकताच ठेवलेला आहे. पत्राचं तसं नाही. जन्मभर तिसरीच्या पोरांना शिकवलेली बाई हातात आलेला कागद चुका काढायला तरी शेवटपर्यंत वाचणार, एवढं तुमच्या जावयाला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा तांबडी पेन्सिल घ्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसा. मी हे पत्र सकाळी अंगणात बसून लिहितोय. रॉझलिन आणि नाइमा अजून झोपल्या आहेत.

आधी नातीची खबर. नाइमा मजेत आहे आणि एकदम शहाण्यासारखी वागते. इथे पोरं मोठ्या माणसांना 'हो बाईसाहेब, नाही बाईसाहेब' अशीच उत्तरं देतात. बालवाडीत गेल्या गेल्या हिनंही ते उचललं. परवा मांजरीला म्हणाली, 'नाही बाईसाहेब, ते दूध तुमचं नाही.' तुम्ही रॉझलिनला एवढी वर्षं धाक घालून जे शिकवू शकला नाहीत ते इथल्या हवेनंच शिकवलं, असं मी म्हटलं तर रागावू नका. हवा आहेच तशी. दुपारी सगळं गाव अर्धवट झोपेत असतं. ओकच्या झाडांवरून राखाडी शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत असतात आणि वारा नसतानाही त्या हलताहेत असं वाटत राहतं. मी बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीला जातो. संध्याकाळी परत येताना गल्लीच्या टोकाशी घरांच्या छपरांवरून एखादं अजस्र जहाज आवाज न करता सरकत जाताना दिसतं. नदी दिसत नाही, नुसतं जहाज. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी गाडी थांबवून बघत बसायचो. खरं सांगू, अजूनही बसतो.

रॉझलिनचं मात्र सुरुवातीला काही ठीक नव्हतं. तुम्हाला ती फोनवर 'सगळं छान आहे गं' म्हणायची तेव्हा तिच्या भोवती बांधलेली खोकी असायची. तीन खोल्यांत खोकी, आणि त्यांच्या मधल्या वाटेनं पोट सावरत ती चालायची. स्वयंपाकघरातलं एकही भांडं बाहेर काढलं नव्हतं. आम्ही कागदाच्या ताटल्यांत जेवायचो. मी एकदा खोकं उघडायला गेलो तर म्हणाली, 'राहू दे. नाइमाच्या वेळी आईनं स्वयंपाकघर लावून दिलं होतं. ती आली की लावेल.' तुम्ही येणार नाही हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. 'आम्ही जिथून जीव मुठीत धरून पळालो, तिथे तुम्ही ट्रक भाड्यानं घेऊन चाललात?' हे तुमचे शब्द. नोकरी चांगली होती, घर परवडत होतं, हिवाळा नव्हता. पण ही काही तुमच्या प्रश्नाची उत्तरं नाहीत. बाळ ऑक्टोबरच्या शेवटी यायचं आहे आणि रॉझलिनला तुम्ही जवळ हव्या आहात. ती ते तुम्हाला कधी म्हणणार नाही. हा ताठा कुणाकडून आलाय ते तुम्हीच ठरवा.

आता ऑगस्टमधल्या त्या शनिवारची गोष्ट सांगतो. हसायची परवानगी आहे. आम्ही नाइमासाठी एक जुनी गादी विकत घेतली आणि गाडीच्या छपरावर दोरीनं बांधून घरी निघालो. सकाळी भुरभुर पाऊस होऊन गेला होता, म्हणून गाडीचे दिवे लावलेले होते आणि मी ते बंद करायला विसरलो. एका आडरस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. समोरून गाड्यांची रांग चालली होती. त्यातला एकजण थांबला आणि हात करून मला आत घेतलं. मी रॉझलिनला म्हटलं, 'बघितलंस? आपल्याकडे मिलवॉकीच्या रस्त्यावर घेतलं असतं का कुणी?' पुढे लाल दिवा लागला तरी सगळे निघाले, आणि मोटारसायकलवरच्या पोलिसानं मलाही जा म्हणून खूण केली. मी आणखी खूश. मग समोरून येणाऱ्या गाड्या एकेक करून रस्त्याच्या कडेला थांबायला लागल्या. एका ट्रकमधून एक लालबुंद मानेचा गोरा म्हातारा उतरला. टोपी काढून छातीशी धरून तो मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण कुणाच्या तरी मयतात घुसलो आहोत, आणि तेही छपरावर गादी घेऊन.

तुम्हाला ही रीत सांगायला नकोच. मयत चाललं की त्यातल्या गाड्यांनी दिवे लावायचे आणि जो समोर असेल त्यानं थांबायचं, मग मेलेला कुणीही असो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रॉझलिनला म्हटलं, पुढच्या वळणावर सटकू या. बघतो तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती त्या म्हाताऱ्याकडे मागे वळून वळून बघत होती. गरोदर बाईला कशानंही रडू येतं असं मी समजलो. वळणं येत गेली, मी वळलो नाही. दोन्ही बाजूंना माणसं थांबलेली, कुणी हातगाडी थांबवून, कुणी झाडू हातात धरून, आणि मधून आम्ही अगदी हळूहळू चाललो होतो. नाइमा त्यांना हात हलवत होती. मला वाटलं, हे स्वप्नात चाललंय आणि कुणी उठवू नये. तो ट्रकवाला बाकीचे सहा दिवस आमच्यासारख्या काळ्या माणसांशी कसा वागतो मला ठाऊक नाही. त्या दिवशी तो उभा राहिला, एवढंच मी पाहिलं.

कबरस्तानात पोचल्यावर मागे फिरायला जागाच नव्हती. पांढरे हातमोजे घातलेली एक ठेंगणी म्हातारी आमच्या गाडीपाशी आली. तिनं छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या अर्ध्या चड्डीकडे पाहिलं. मग दार उघडून रॉझलिनला विचारलं, 'कुणाची माणसं गं तुम्ही?' आम्ही चुकून आलो, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात रॉझलिन म्हणाली, 'एझरा मोब्लींची नात आहे मी.' आई, तुमच्या वडिलांचं नाव मी तिच्या तोंडून आमच्या लग्नानंतर एकदाही ऐकलं नव्हतं. म्हातारीनं डोळे बारीक करून आठवून पाहिलं आणि मान हलवली. 'मोब्ली मला नाही ठाऊक. पण पोटुशी बाई उन्हात उभी? ए, खुर्ची आणा रे कुणीतरी!' तिचं नाव मिस लुव्हीनिया. गेलेला माणूस तिचा दीर, मिस्टर लिनवुड. आम्ही त्याच्यासाठी गाणी म्हटली, माती टाकली. मग जेवणाआधी मी पुन्हा खरं सांगायला गेलो तर म्हणाली, 'आधी जेव. नातं मागाहून काढू.' लाल भात, तळलेली कोंबडी, पालेभाजी, लोण्याचा केक. रॉझलिननं तीनदा भात घेतला. इथे आल्यापासून तिला तसं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मिस लुव्हीनिया भाताचं पातेलं घेऊन दारात हजर. पत्ता तिनं कुठून काढला ते देव जाणे. आत आली, खोकी पाहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'हे काय? संसार करताय की गोदाम सांभाळताय? सुरी दे इकडे.' रॉझलिननं सुरी दिली! मी दिवसेंदिवस विनवण्या केल्या तेव्हा जे झालं नाही ते या बाईनं एका दुपारी केलं. दोघींनी मिळून फडताळं पुसली, बशा लावल्या. मला मध्ये लुडबुड करू नको म्हणून अंगणात हाकललं. तुमची जागा तिनं घेतली असं मनात आणू नका. उलट रॉझलिन दर वस्तूला 'ही आईची, ही आईनं दिलेली' असं म्हणत होती, आणि मिस लुव्हीनिया शेवटी वैतागून म्हणाली, 'तुझ्या आईनं स्वतःसाठी काही ठेवलंय की नाही?'

त्या दिवशी मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, की आम्ही मिस्टर लिनवुडना ओळखतही नव्हतो, रांगेत चुकून शिरलो. म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. 'अरे बाळा, छपरावर गादी बांधून मयताला कोण येतं? मला तिथे कबरस्तानातच कळलं होतं. पण चुकून आलात ते आलात, निघून नाही गेलात. लिनवुडची सख्खी पोरं जेवणाआधी पळाली.' मग ती रॉझलिनकडे वळली. 'तू का नाही गेलीस गं? आणि रडत कुणासाठी होतीस?'

तेव्हा रॉझलिननं सांगितलं. मला ते नव्यानं कळत होतं. तुम्ही नऊ वर्षांच्या असताना तुमच्या वडिलांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं. पुढल्याच आठवड्यात ते नदीत सापडले. बुडाले असं लिहिलं गेलं. या काठावरून त्या काठावर पोहून जाणारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडाला. गावातलं कुणी भीतीनं मयताला आलं नाही. तुमची आई, तुम्ही, एक काका आणि एका खेचराची गाडी, एवढंच त्यांचं मयत. रस्त्यात माणसं होती, पण थांबलं कुणी नाही. उलट पाठ फिरवून आपापल्या कामाला लागली. दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तरेच्या आगगाडीत होता. हे तुम्ही तिला तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलंत आणि पुन्हा कधी विचारू नकोस म्हणालात. तिनं विचारलं नाही. त्या शनिवारी एका परक्या माणसासाठी अख्खा रस्ता थांबलेला पाहिला आणि तिला वाटलं, माझ्या आजोबांसाठी एवढंही का नव्हतं? आई, तुम्ही आमच्यावर का चिडलात ते मला त्या दुपारी समजलं. त्याआधी मी तुम्हाला हट्टी म्हातारी समजत होतो. तुम्ही हट्टी आहातच, पण ते वेगळं.

मिस लुव्हीनियानं सुरी पुसून फडताळात ठेवली. जाताना फक्त रॉझलिनच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, विषय संपला. काल ती पुन्हा आली. या वेळी पातेलं नव्हतं. रविवारची टोपी घालून आली होती आणि बरोबर तिच्या चर्चचे पाळक आणि दोन वयस्क गृहस्थ होते. रॉझलिन आणि नाइमा मागीलदारी भाजी निवडत होत्या. रॉझलिनपुढे हे काढलं तर ती आधी तुमचाच विचार करून नको म्हणेल, म्हणून त्यांनी मला गाठलं, आणि म्हणून हे पत्र तिच्या नकळत लिहितोय. त्यांना तुमच्या वडिलांचं मयत नव्यानं काढायचं आहे, तेव्हा जसं निघायला हवं होतं तसं. पुढे मोटारसायकली, मागे दिवे लावलेल्या गाड्या, आमच्या बंदरावरची माणसंही येणार आहेत. इथून नदीपलीकडच्या तुमच्या गावापर्यंत, भर दिवसा, मोठ्या रस्त्यानं. वाटेत जो येईल त्याला थांबावं लागेल. मी विचारलं, कधी? तर मिस लुव्हीनियानं मला झापलं. 'मुलगी जिवंत असताना तिच्या बापाची तारीख ठरवणारे आम्ही कोण? तिला विचार.' म्हणून विचारतोय. बाळ यायच्या आधी म्हणाल तर आधी, नंतर म्हणाल तर नंतर, आणि नाही म्हणालात तर नाही. तसं झालं तर रॉझलिनला मी स्वतः बाळंतपणाला तुमच्याकडे घेऊन येईन, आणि या पत्राबद्दल तिला कधी कळणार नाही. पण एक अडचण आहे, ती सांगून संपवतो. पाळक त्या गावच्या कबरस्तानात जाऊन आले. तिथे एझरा मोब्लींच्या नावाचा दगड नाही, आणि कबर कुठे ते सांगणारं तिथे कुणी उरलेलं नाही. त्यांना माती दिली त्या दिवशी तिथे उभं राहिलेलं एकच माणूस आता जगात आहे. सगळ्यांत पुढची गाडी घरच्यांची असते, आई. ती कुठे थांबवायची ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

तुम्ही काहीही म्हणा, तुमचाच मुलगा,
टेरेल