रिमिनीच्या किनाऱ्यावर पत्रूला हाक

१२ ऑगस्ट १९५५, चांदा

रोमच्या परिषदेला निघालेल्या नागपूरच्या शास्त्र्यांचं पोट ऐन वेळी बिघडलं, म्हणून त्यांच्या जागी मी! माझ्यासारख्या बातमीदाराची ‘काव्यतीर्थ’ ही संस्कृतची पदवी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आली — तीही दुसऱ्याच्या पोटामुळे.

ही बातमी चामोर्शीच्या बाजारात माझ्याआधी पोचली. आज तिकडच्या रानातली आदिवासी बुधरी आली, जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसून. तिचा मुलगा पत्रू फौजेच्या खेचरांच्या पलटणीत होता. चव्वेचाळीस साली इटलीत रिमिनी गावाजवळ लढाईत मेला. तसा सरकारी कागद आला, तो तिला मीच वाचून दाखवला होता.

तिनं वाळल्या भोपळ्याचा तुंबा पुढं ठेवला. “तिथल्या पाण्याजवळ त्याचं नाव घेजो भाऊ. मासा, किडा, जे पयलं हाती येईल थे आपल्या हातानं धरजो. जितं आणजो. मंग त्याचा जीव घरात येते, मेलेल्या बापाजवळ बसते. अकरा वर्स झाले, बाहीरच हाय.”

मी म्हटलं, “बुधरीबाई, मी मासा शिवत नाही.”

“तुमाले खा कोन म्हनते?”

तुंबा ठेवून घेतला.

७ सप्टेंबर, रिमिनी

परिषद संपली. गाडीनं इथं आलो. दोन हजार वर्षांच्या रोमन पुलावरून भाजीच्या गाड्या निवांत जातात. चार पावलांवर मात्र बाँबनं पाडलेलं घर अजून तसंच. किनाऱ्यावर रंगीत छत्र्यांच्या रांगा आणि कपडे बदलायच्या लाकडी खोल्या. शंभर वर्षं लोक इथं हवा खायला येतात म्हणे! आमच्याकडे सावळी म्हणून मुलगी नाकारतात. इथं बाया तव्यावरच्या भाकरीसारख्या कूस बदलत दिवसभर सावळ्या होतात.

कस्टमवाल्यानं तुंब्यात नाक घालून पाहिलं होतं. काही कळलं नाही त्याला. मला तरी काय कळतंय?

८ सप्टेंबर

गावाबाहेर आपल्या सैनिकांचं स्मशान आहे. गुरखे जास्त. गवत कापलेलं, फुलं लावलेली. पत्रूचं नाव थडग्यावर नाही, दाह दिलेल्यांच्या यादीत.

दाह!

बुधरीच्या लोकांत पुरतात. पोरगा बेचाळीसला भरतीला आला तेव्हा अर्ज मीच लिहून दिला होता. धर्म विचारला तर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मागं रांग. मी ‘हिंदू’ लिहून मोकळा झालो. पुढं कुणीतरी तो कागद वाचला आणि माझ्या अक्षराबरहुकूम त्याला जाळलं.

हे तिला सांगायचं?

९ सप्टेंबर

किनाऱ्यावर दोनदा गेलो. लोक फार. दोनदा परत आलो. भेकड!

१० सप्टेंबर

उजाडताच गेलो. छत्र्या उघडणारी एक म्हातारी तेवढी होती, काळ्या पोशाखातली. धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. आधी सवयीनं तोंडात तर्पणाचे मंत्र आले. ते गिळले. ते त्याचे नव्हेत. एकदा चुकलो तेवढं पुरे.

“पत्रू!”

आवाज शिंकेएवढा निघाला. पुन्हा मारली हाक. म्हातारी धावत आली. पोर हरवलं असं समजली. हातानं विचारलं — केवढा? गुडघ्याएवढा? कमरेएवढा? मी हात माझ्या डोक्याच्याही वर नेला.

ती थांबली. माझ्याकडं पाहिलं, मग समुद्राकडं. छत्री वाळूत टाकली, चपला काढल्या, माझ्या शेजारी पाण्यात आली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली — “पात्रूऽऽ!” काय आवाज बाईचा! फिरायला निघालेली चार माणसं थबकली, तीही हाका मारू लागली. कुणाला, काही ठाऊक नाही. सगळा किनारा पत्रूला बोलावत होता.

पायावर काहीतरी चाललं. शंखात राहणारा इवलासा खेकडा. धरला. तुंब्यात घातला. म्हातारीनं तुंब्याच्या तोंडावर तळवा ठेवला, ऊब द्यावी तसा. मग छत्र्या उघडायला गेली.

२६ सप्टेंबर, जहाजावर. तांबडा समुद्र

रोज बादली सोडून पाणी बदललं. भाताची शितं घातली. तरी आज मेला.

समुद्रात सोडला. आता?

११ ऑक्टोबर, हरणघाट

काल रात्रभर ठरवत होतो. आज नदीशी आल्यावर ठरलं — खोटं बोलायचं. वैनगंगेच्या उथळ पाण्यात ओंजळीनं मासे धरू लागलो.

लटारू नावाडी काठावरून हसायला लागला. “पंडितभाऊ, समिंदर ओलांडला तं मासे खायले लागले का?”

“तू डोंगा सांभाळ.”

“डोंगा सांभाळतो, तुमचं जानवं कोन सांभाळते?”

तिसऱ्या ओंजळीत बोटाएवढा मासा आला आणि तोंडून आपोआप हाक गेली — “पत्रू!” तीही मोठ्यानं. लटारूचं हसू बंद. “कोन पत्रू?” तुंबा पोटाशी धरून डोंग्यात बसलो.

१२ ऑक्टोबर, बुधरीचं गाव

अर्जाचं आणि दाहाचं बुधरीला सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. “जायलं का त्याले?” एवढंच म्हणाली. मग तुंबा काशाच्या थाळीत ओतला. वाकून पाहिलं.

“हा तं आपल्या नदीचा मासा होय, भाऊ.”

खेकडा, जहाज, हरणघाट — सगळं सांगितलं.

“धरतानी नाव घेतलं होतं का?”

“घेतलं.”

“मंग थोच होय. कवाचाच येऊन राह्यला होता. तुमी म्हनलं तिकडं हाय, म्हून म्या इथी कदी हाकच नाई मारली.”

थाळी उचलून उंबऱ्याशी नेली. आत घेण्याआधी थाळीवर वाकून माशावर ओरडली — “इतले वर्स नदीत काय करून राह्यला होता रे? घर दिसत नोतं का तुले?”