अकोल्याची तार, मुंबईवरून

मंगळवार, ५ सप्टेंबर १९६१

पणजी होणार मी! विमलला आठवा लागला. ही वहीसुद्धा तिचीच, शाळेतली उरलेली पानं. अक्षरं तिनंच शिकवली. म्हणायची, "आजी, वहीत 'मला' लिहायचं, 'मले' नाही." लिहिते बापा! तिची माय गेली तेव्हा पोर दीड वर्षाची. मीच वाढवली. पोळा झाला की बाळंतपणाला इकडे आणायची. पाळणा धुऊन वाळवला, डिंक निवडला. माझा खुशाल, तिचा बाप, हसतो — "माय, अजून दीड महिना हाये, आत्ताच काहून नाचून राहिली?" म्हटलं, "तुझ्याही वेळी तुझी आजी अशीच नाचली होती!"

एवढं लिहिलं आणि अकोल्याहून कार्ड आलं. नातजावयाचं, रविकांतरावांचं. खुशालनं वाचलं. विमलला ताप आहे, दवाखान्यात ठेवलं आहे, गुरुवारी सकाळपर्यंत उतरला नाही तर पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करतील. काळजी नसावी.

काळजी नसावी!

मंगळवार, दुपार

वहीतच लिहिते. कोणाला सांगू?

विमल नऊ वर्षांची होती. मांडीला गळू झालं. डाक्तरनं हेच इंजेक्शन दिलं. पाचच मिनिटं — तोंड सुजलं, ओठ निळे, श्वास अडकला. मी देवाचं नावसुद्धा विसरले. कशीबशी वाचली. डाक्तर म्हणाले, "आजी, पुन्हा हे टोचलं तर पोर हाती लागणार नाही. कुठंही गेली तरी आधी हे सांगत जा."

सांगत जा! आणि मी काय केलं? लग्न जुळत होतं तेव्हा तिला न्हाणीत नेलं. "सासरी हे बोलायचं नाही. रोगी म्हणतील. बोललीस तर माझ्या गळ्याची आन." पोरगी घाबरली. "बोलली तर तू मरशील का?" मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी!

गळवाच्या वेळी खुशाल परतवाड्याला नोकरीला होता. त्यालाही यातलं काही ठाऊक नाही. आणि विमल शब्दाची पक्की. मरेल, पण आजीला मारणार नाही.

बुधवार, ६ सप्टेंबर

मूर्तिजापूरकडं, अकोल्याच्या वाटेवर, पुरानं रूळ उखडले. गाडी बंद, मोटार बंद. सकाळीच तारऑफिसात गेले. तारबाबू वामनराव भला माणूस, पण किती सावकाश! त्यांनी तारयंत्राची किल्ली टकटक केली. "आजी, बडनेरा बोलतंय." पुन्हा टकटक. "मूर्तिजापूर बोलत नाही." म्हटलं, झोपलं असेल, अजून एकदा करा. ते हसले. म्हणाले, "बडनेऱ्यापर्यंत तार शाबूत आहे, म्हणजे आपलं यंत्र ठीक. मोडलंय ते त्याच्या पुढं. खांब पडले असतील." म्हटलं, ट्रंक कॉल लावा. "टेलिफोनच्या तारा त्याच खांबांवरून जातात, आजी."

बाकावर बसून राहिले. खुशालनं डबा आणला. विचारतो, "माय, साधा ताप हाये ना? एवढं काय?" मी भाकरी चावत बसले.

दुपारी वामनराव म्हणाले, "फिरवून पाठवू. नागपूर, तिथून मुंबई, मग भुसावळ, आणि पलीकडून अकोला." मुंबई! मी नाही पाहिली, माझे शब्द पाहून येणार! घाबरलेली असूनही हसू आलं मेलं.

लिहून घेतलं त्यांनी — विमलला पेनिसिलिन देऊ नका, जीव जाईल. विचारलं, "जावयांच्या नावानं करू?" मी घाईनं म्हटलं, "नको! डाक्तरांच्या नावानं. दवाखान्यात." घरी गेली तर सासू वाचेल ना. एवढ्या आकांतातही मी तेच झाकत होते.

बुधवार, दिवेलागण

गेली म्हणतात. पोचली का, ठाऊक नाही.

गुरुवार, ७ सप्टेंबर

मले काही सुचत नाही.

सकाळी गेले. वामनरावांच्या हातात कागद होता. मान खाली. "दवाखान्यातून उत्तर आहे, आजी. विमल नावाची रुग्ण इथं नाही."

नाही म्हणजे? काल होती, आज नाही? मी खालीच बसले. फरशी गार लागली तेवढं आठवते. खुशाल ओरडत होता, "माय! ए माय!"

वामनराव उठून पुढं आले. "आजी, लग्नात मुलीचं नाव बदललं होतं का?"

बदललं होतं! तांदळात अंगठीनं लिहिलं होतं, मी समोर उभी होते. अनुपमा! तीन वर्षं झाली, एकदाही त्या नावानं हाक मारली नाही. दवाखान्याच्या कागदावर विमल असणारच कशी? वामनराव म्हणाले, "आजी, तार पोचली होती हो. माणूस सापडलं नाही."

मग मी सगळ्यांसमोर बोलले. गळू, इंजेक्शन, न्हाणीतली आन. खुशाल एवढंच म्हणाला, "माय, तू तिले मुकी केली."

दुसरी तार रविकांतरावांच्या नावानं केली. अनुपमाला पेनिसिलिन देऊ नका. लपवलं ते मी. पोरीचा दोष नाही. आता सासूनं वाचली तरी वाचू दे. चौकात लावू दे!

पण घड्याळात साडेदहा. इंजेक्शन सकाळी द्यायचं होतं.

गुरुवार, संध्याकाळ

उत्तर नाही. पाळण्यावर चादर टाकली. पाहवत नाही.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

लाइन जुळली. तार आली. वामनराव स्वतः घेऊन दारात आले, खांद्यावरचा दुपट्टा भिजलेला. म्हणाले, "ही बुधवारी सकाळीच अकोल्यात दिलेली आहे, आजी. मूर्तिजापूरच्या पलीकडे अडकून पडली होती." दोन वेळा वाचून घेतली —

आन मोडली. डॉक्टरांना सांगितलं. औषध बदललं. आजी जिवंत आहे का, लगेच कळवा. विमल.

दोन दिवस पोर मले मेली समजून पडली असेल!

तशीच निघाले वामनरावांच्या मागं. लिहा म्हटलं — आजी जिवंत. त्यांनी विचारलं, "कोणत्या नावानं पाठवू?"

म्हटलं, दोन्ही घाला.