मागच्या काचा

१० जुलै

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई प्रत्येक प्रश्नाला "बरी आहे" एवढंच म्हणते, तेव्हा पत्रच बरं.

गाडीच्या मागच्या, न उघडणाऱ्या दोन काचांमधून पाणी येतं आणि सीटखाली ओल धरते, हे समजलं. तुम्ही बाहेरून बाथरूमचं सिलिकॉन फासलंत, हेही समजलं. आमच्या प्रयोगशाळेत काचा चिकटवण्याचंच काम चालतं; तिथे असं कुणी केलं तर त्याला दिवसभर खरवडायला बसवतात. तुम्हीही खरवडा. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर दुसरं काही धरत नाही. मग तारेने मूळ गोंदाचा जुना थर कापून काच सोडवा. पत्र्यावर त्याचा पातळ पापुद्रा राहू द्या. त्यावर प्रायमर, मग युरेथेन या गोंदाची सलग वळी. ती कुठेही तुटता कामा नये. काच दाबून टेपने धरा आणि एक दिवस गाडी हलवू नका. पुढची काच थोडी उघडी ठेवा, नाहीतर दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने ओला जोड सुटतो.

आईच्या डायलिसिसच्या दोन फेऱ्यांमध्ये मोकळा दिवस असतो, तेव्हा करा. तिला जपा.

माझ्यावरचा लोभ कामाच्या सूचनांमुळे कमी होऊ देऊ नये.
आपली मुलगी

२० जुलै

चि. फूटपट्टीस
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे दोन्ही काचा काढल्या. खरवडून बोटांची सालं निघाली. तुझी आई म्हणाली, लेकीने एका पत्रात बापाला कामाला लावलं, मला हे लग्नापासून जमलं नाही.

युरेथेन मात्र अजून लावलेलं नाही. रागावू नकोस. माझा सगळा जन्म शिवण्यात गेला. कच्चा टाका घालून, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहिल्याशिवाय मी पक्की शिवण मारत नाही. म्हणून काचा सध्या टेपच्या तुकड्यांवर बसवल्या आहेत. काही दिवस गाडी फिरवून बघतो, कुठे हलते, कुठे दबते, मग पक्कं. पाऊस थांबलाय, तेव्हा गळायची चिंता नाही.

आई मागच्या सीटवर आडवी होते ती हल्ली लगेच झोपते. घरी आल्यावर डोकं धरून बसते, एकदा उलटीही झाली. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसनंतर असं होतं. जातानाही झोपते. म्हटलं, चला, तेवढीच विश्रांती. तिला वारा लागू नये म्हणून पुढच्या काचा बंदच ठेवतो. बाकी गाडी ठणठणीत. सायलेन्सरला खोकला झालाय एवढंच. मलाही ऐकू येतो, म्हणजे मोठाच असणार.

या जुन्या शिंप्यावर माया ठेव.
बाबा

२३ जुलै

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच आईला फोन केला. हॉस्पिटलला टॅक्सीने जायचं, गाडी सुरू करायची नाही, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तुम्हाला कारण लागतं, म्हणून ते लिहिते.

'जातानाही झोपते' इथे मी थांबले. डायलिसिसचा थकवा जाताना येत नाही.

पाणी जिथून येतं तिथून हवाही येते. चालत्या गाडीच्या मागे धूर घोळतो आणि फटींतून आत ओढला जातो. तुमचा सायलेन्सर फुटलेला आहे, म्हणजे तो धूर गाडीखालीच सुटतोय. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस खोकत नाही, गुदमरत नाही. त्याला झोप येते. आईचं रक्त आधीच कमी आहे, तिला थोडाही पुरेल.

माझा अंदाज चुकू शकतो. चुकावा. पण तो हवेतला वायू मोजणाऱ्या मीटरने तपासायचा असतो. रजा मिळाली की मीटर घेऊन येते. तोवर काही करू नका.

लोभ आहे म्हणूनच इतकं कडक लिहिलं, हे समजून घ्यावं.
आपली मुलगी

२८ जुलै

चि. बाळीस
आईचे आशीर्वाद.

फोनवर मी "बाबांना जरा भोवळ आली, आता बरे आहेत" एवढंच म्हटलं. पुढचं सगळं इथे लिहिते.

तुझं पत्र बाबांनी दुकानात दोनदा वाचलं. मागच्या शेडमध्ये गेले, गाडी सुरू केली आणि दारं लावून मागच्या सीटवर, माझ्या जागेवर आडवे झाले. डोकं दुखतं का ते स्वतः बघायचं होतं म्हणे. पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं खाली. मी वर भाजी निवडत होते. इंजिनचा आवाज येत होता. वाटलं, सायलेन्सर बघायला गॅरेजवाला आला असेल. मग लक्षात आलं, शिलाई मशीन केव्हाचं बंद आहे.

दार उघडलं तर गाढ झोपलेले. चेहरा इतका निवांत, की क्षणभर मला उठवायचा धीर होईना. पाय धरून ओढलं. कुठून बळ आलं कोण जाणे. समोरचा इस्त्रीवाला धावला, त्यानेच हॉस्पिटलात नेलं.

ऑक्सिजन लावला होता. बोलायला लागल्यावर पहिलं मला म्हणाले, "तुला किती वेळा असं झोपवलं गं मी?" मी म्हटलं, झोपेन नाहीतर काय, रस्ताभर तुमची बडबड. हसले नाहीत. आता घरी आहेत. दुपारी ते लवंडले की मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते. मी डोळे मिटले की ते तेच करतात. दोघांनाही झोप नाही.

ये लवकर. जीव तुझ्याकडे लागलाय.
आई

१७ ऑगस्ट

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तुम्ही आईच्या रक्ताच्या तपासणीचं विचारलंत, त्याचं उत्तर लिहिते. आईच्या रक्तात तो वायू सापडला नाही, कारण तपासणीपर्यंत ती टॅक्सीनेच जात होती. आधी किती होता, हे आता कधीच कळणार नाही. ते मलाही छळतं.

जे कळू शकतं ते असं: सायलेन्सर नवा आहे. दोन्ही काचा मी स्वतः चिकटवल्या, वर नळी सोडून पाहिलं, थेंब आला नाही. गॅरेजवाल्याने गाडी गावभर फिरवली तेव्हा मी मागे बसले होते. मीटर शून्यावर होतं. मी डोळे मिटून पडायचं ठरवलं होतं. मला ते जमलं नाही.

म्हणून भिऊ नका असं लिहीत नाही. पण आई सांगते, टॅक्सीतून उतरताना तिचा तोल जातो आणि हात द्यायला तुम्ही पुढच्या दाराने वळसा घालून येईपर्यंत ती तशीच लोंबकळते. शुक्रवारी तुम्हीच गाडी काढा. तिला पुढे, शेजारी बसवा. मीटर समोर राहू दे. पोचल्यावर तिथूनच एक कार्ड टाका.

तुमचा माझ्यावर लोभ आहे. थोडा विश्वासही असावा.
आपली मुलगी

शुक्रवार, हॉस्पिटलच्या बाकावरून

चि. मुलीस आशीर्वाद.

पोचलो. तुझी आई सबंध रस्ता जागी होती, गिअर कधी बदलायचा ते मला सांगत. आत्ताच तिला आत नेलं.

परत जायचं अजून बाकी आहे.

बाबा